खडपावरची लाट : अधिकारी, आसन आणि उरलेले पाच टक्के

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची आपल्याकडे रीत आहे : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. त्याप्रमाणे सांगतो. विषय : समुद्रातल्या खडपावर, म्हणजे खडकावर, फुटणारी लाट आणि तिच्यावर फळी टाकून उभा राहू पाहणारा मनुष्य. प्रयोजन : काही नाही. संबंध : रत्नागिरीशी, तो पुढे ओढूनताणून सिद्ध केला जाईल. राहिला अधिकारी. सगळा घोटाळा तिथे आहे, आणि प्रस्तुत ग्रंथ मुख्यतः त्या घोटाळ्यासाठीच लिहिला आहे.

सर्फिंगच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत दूरच्या, खडकाळ तळाच्या लाटेचे वर्णन वाचावे. लाट किती सुरेख, किती एकसारखी, जवळपास वस्ती कशी नाही, हे सांगून झाले की शेवटी दटावणी येतेच : ही लाट फक्त अनुभवींसाठी. आता खडपावरच्या लाटेवर जायला अनुभव हवा आणि तो अनुभव खडपावरच्या लाटेवर गेल्याशिवाय येत नाही. नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. नोकरीच्या जाहिरातीत याला किमान पात्रता म्हणतात.

रत्नागिरीने हा दोष केव्हाच निकालात काढला आहे. इथे समुद्राचा अनुभवी म्हणजे जो पाण्यात उतरत नाही तो. मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी ओळीने बसलेली मंडळी पाहावी. समुद्राविषयी त्यांना ठाऊक नाही असे काही नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पायाला गेल्या कित्येक वर्षांत खारे पाणी लागलेले नाही. उलट जो घाटावरून आला, ज्याने गाडी उभी केली आणि पँट दुमडून थेट पाण्याकडे धाव घेतली, तो अननुभवी. ही व्याख्या चेष्टेची वाटेल, पण गणपतीपुळे आणि आरे-वारे इथे पाण्याच्या ओढीने आत नेलेले बहुतेक जण बाहेरगावचे होते, आणि किनाऱ्यावरून त्यांना ओरडून सांगणारे गावातले. तेवढ्यापुरता हा ग्रंथ गंभीर आहे.

आता विषयाकडे वळू. लाटा ज्या तळावर फुटतात त्यावरून त्यांचे तीन प्रकार करतात. वाळूवर फुटणारी, भूशिराला वळसा घालत फुटणारी आणि खडकावर फुटणारी. वाळूवरची लाट लहरी; कारण वाळू आज इथे, उद्या तिथे. भाट्याला काजळी नदीच्या तोंडाशी हे रोज पाहायला मिळते. खडकावरची लाट मात्र वचनाला जागणारी. खडक हलत नाही, म्हणून लाट पुन्हा पुन्हा त्याच जागी, त्याच वळणाने फुटते. लाट किती खोलीवर फुटेल याचाही ठोकताळा आहे. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण ०.७८ पट झाली की तिचा तोल जातो. म्हणजे दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात कोसळते. उतार सावकाश असेल तर ती फेस काढत, सावकाश कोसळते. खोल पाण्यातून एकदम खडप वर आले असेल तर लाटेचा पाय अडखळतो, डोके पुढे जाते आणि मध्ये पोकळ नळी तयार होते. त्या नळीतून कोरडे बाहेर पडणे हा सर्फरांचा मोक्ष. नळीच्या खाली कमरेइतके पाणी आणि त्याखाली खडक; म्हणून ‘फक्त अनुभवींसाठी’.

आमच्या खडपाला आणखी एक अलंकार असतो, तो म्हणजे कालवे. कालवाच्या शिंपीची धार ज्याने पायाच्या तळव्याने एकदा वाचली, त्याला प्रवाळाने कापणे वगैरे परदेशी वर्णने फार सौम्य वाटतात. ही कालवे फोडायला गावातल्या बायका सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडपावर जातात, आणि प्रस्तुत ग्रंथकर्त्याच्या मते या किनाऱ्यावर खडपाच्या खऱ्या अधिकारी त्याच. कुठल्या खाचेत पाणी आधी भरते, कुठली दरड निसरडी, भरती फिरली की परतायची वाट कुठली, हे सगळे त्यांना पावलांनी पाठ असते. सर्फरांचे शास्त्र नेमके हेच विचारते. फरक वेळेचा. बाईला खडप उघडे पडलेले हवे, म्हणून ती सुकतीला जाते. सर्फरला खडपावर पुरेसे पाणी हवे, म्हणून तो भरतीला जातो. परिणामी खडपाची तपशीलवार माहिती असलेली व्यक्ती आणि ती माहिती सर्वांत जास्त हवी असलेली व्यक्ती यांची भेट निसर्गानेच होऊ दिलेली नाही.

भरतीची वेळ काढायला दोघांनाही मोबाईल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणावे, उत्तर भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. सुकती त्यानंतर सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हे गणित पंचांग, कालनिर्णय किंवा सासूबाई यांपैकी एक साधन घरात असले की कोणालाही जमते. सातासमुद्रापलीकडचा सर्फर यासाठी मनगटावर भरतीचे घड्याळ बांधतो. घड्याळाला एकादशी कळत नाही, ही त्यातली उणीव.

खडप नेमके कुठले, हा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात आला असेल. जयगड आणि पूर्णगड यांच्या दरम्यान. यापेक्षा अधिक सांगण्याचा ग्रंथकर्त्याला अधिकार नाही. सर्फरांच्या जगात चांगल्या लाटेचा पत्ता फोडणे हे पाप मानतात; पत्ता फुटला की गर्दी होते, गर्दी झाली की भांडणे. पण या बाबतीत आम्हाला त्यांच्याकडून काही शिकायचे नाही. खडपावर बसून गरवणाऱ्याला विचारून पाहा, मासा कुठे लागतो. तो प्रथम ‘हल्ली कुठे काय मिळतंय’ म्हणेल, मग तुमची चौकशी करील, गाव कुठले, मुंबईला कुठे असता, आणि शेवटी आपल्या बसण्याच्या जागेच्या बरोबर उलट दिशेला बोट दाखवील. ही परंपरा फळीच्या शोधापेक्षा जुनी असावी.

आता लाटेची उंची. या एका मुद्द्यावर तिन्ही संप्रदाय एकमेकांशी बोलत नाहीत.

पहिला हवाईचा. तिथले जुने सर्फर लाट मागच्या बाजूने मोजतात, म्हणजे समोरून जी वीस फूट दिसते ती त्यांच्या हिशेबी दहा. ज्याला घाबरायचे त्याची उंची निम्मी करून सांगणे, हे त्यांचे शौर्य. दुसरा संप्रदाय शास्त्रज्ञांचा. दुसऱ्या महायुद्धात हराल्ड स्वेर्ड्रप आणि वॉल्टर मुंक या दोघांना सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे भाकीत करायचे होते. नावा चालवणारे सैनिक लाटांची सरासरी उंची म्हणून जो आकडा सांगत, तो खऱ्या सरासरीपेक्षा नेहमी मोठा निघे. शोध घेतल्यावर कळले की माणसाचा डोळा लहान लाटा सोडूनच देतो. तो जी सरासरी सांगतो ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची. मग शास्त्राने माणसाची सवय सुधारण्याऐवजी सवयीलाच मोजमाप केले. आजही हवामानाच्या इशाऱ्यांत लाटेची जी उंची येते, ती या मोठ्या तिसऱ्या हिश्श्याची सरासरी असते. रत्नागिरीसमोर समुद्रात तरंगता बोया सोडून शास्त्रज्ञांनी ज्या नोंदी घेतल्या, त्याही याच रीतीने. म्हणजे बंधाऱ्यावर उभे राहून ‘काल लाटा बघितल्यास का, घराएवढ्या होत्या’ असे सांगणारे गृहस्थ खोटे बोलत नाहीत. लहान लाटा गाळून सरासरी काढण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत त्यांनी अंमळ पुढे नेलेली असते.

तिसरा संप्रदाय मांडवीच्या कट्ट्याचा. हा संप्रदाय आकडे देत नाही, शेरा देतो. उलट ऑलिंपिकमधल्या सर्फिंगला पाच परीक्षक दहापैकी गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण गाळतात, उरलेल्या तिघांची सरासरी काढतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधले सर्फिंग पॅरिसपासून सुमारे पंधरा हजार किलोमीटरवर, ताहितीतल्या तेआहुपो या प्रवाळखडकाच्या लाटेवर झाले. आणि परीक्षकांना बसायला त्या प्रवाळावर ॲल्युमिनियमचा मनोरा उभारण्यावरून गावकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. अखेर मूळ आराखड्यापेक्षा लहान मनोरा झाला. त्या स्पर्धेत ब्राझीलच्या गाब्रिएल मेदिनाला एका लाटेसाठी ९.९० गुण मिळाले. लाट संपल्यावर तो बोट वर करून हवेत उभा दिसतो आणि फळीही शेजारी उभी, ते छायाचित्र जगभर गेले. तीच लाट कट्ट्यावर नेली असती, तर थोडे थांबून कोणीतरी म्हणाले असते, ‘बरी होती.’ याहून वरची श्रेणी या परीक्षामंडळाकडे नाही. मनोराही लागत नाही, मांडवीची जेट्टी आहेच.

डावे-उजवे हाही वादाचा विषय. लाट डावीकडे फुटते की उजवीकडे, हे सर्फर स्वतःच्या बाजूने, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून ठरवतो. कट्टा समुद्राकडे तोंड करून बसलेला असतो. त्यामुळे एकाच लाटेला पाण्यातला माणूस उजवी म्हणतो आणि काठावरचा डावी, आणि दोघेही बरोबर असल्यामुळे वाद मिटण्याचा संभव नाही. ग्रंथकर्त्याने दोन्ही पक्षांना दक्षिण-उत्तर अशा दिशा वापरण्याची सूचना केली होती. ‘म्हणजे पावसकडे की गणपतीपुळ्याकडे?’ असा प्रतिप्रश्न आला.

लाट येते कुठून, याचे उत्तर मात्र खरोखर थोर आहे. पावसाळ्यातली लाट बहुतेक इथल्याच नैर्ऋत्य वाऱ्याची. पण इतर दिवसांत, वारा पडलेला असताना, दूरदूरच्या अंतराने जी लांब, गुळगुळीत लाट येते तिचे माहेर पार दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाला वेढणाऱ्या वादळी समुद्रात असते. मुंक यांनीच १९६३ साली असल्या लाटांचा माग प्रशांत महासागरातून थेट अलास्कापर्यंत काढला होता. खोल पाण्यात पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा घोळका ताशी सुमारे बेचाळीस किलोमीटरने चालतो. घोळक्यातली एकेक लाट याच्या दुप्पट वेगाने पळते, पण पुढच्या टोकाला जाऊन विरते आणि मागे नवी उगवते, म्हणून घोळका अर्ध्या वेगानेच सरकतो. पन्नास अक्षांश दक्षिणेपासून रत्नागिरीच्या सतरा अक्षांश उत्तरेपर्यंत सात हजारांवर किलोमीटर होतात. म्हणजे तिथून निघालेली लाट साधारण आठवड्याने आपल्या खडपावर येते, आणि आल्यावर काही सेकंदांत फुटून मोकळी होते. गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी दीड दिवसात परत निघतो, तो तिच्या मानाने मुक्कामी म्हणायचा. या लाटांनी अचानक किनारा धुऊन काढू नये म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्राकडून उंच लाटांचे इशारे येतात. समुद्राचा इशारा समुद्र नसलेल्या गावातून यावा, याबद्दल कट्ट्याची किंचित नाराजी आहे; पण इशारा बरोबर ठरतो, म्हणून कट्टा ती उघड बोलून दाखवत नाही.

इतकी लाट आणि इतके खडप असताना रत्नागिरीत सर्फिंग फोफावले का नाही, असा पूर्वपक्ष कोणी करील. कर्नाटकात मुल्कीला चालते, तमिळनाडूत कोवलमला चालते. उत्तरपक्ष असा. चांगल्या लाटेला किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा हलका वारा लागतो. तो लाटेचा चेहरा धरून ठेवतो, उशिरा पडू देतो. भूगोलाच्या पुस्तकातला मतलई वारा तो हाच. रात्री निघतो, पहाटे असतो. हिवाळ्याच्या सकाळी असा वारा रत्नागिरीत भरपूर, आणि तेव्हा समुद्र सारवल्यासारखा सपाट, लाट मीटरभरही नाही. क्वचित इराणच्या आखाताकडचा शमाल वारा थोड्या लाटा पाठवतो, तेवढ्याच. दुपारी खारा वारा सुटतो आणि जे काही असेल ते विसकटून टाकतो. पावसाळ्यात लाट दोन-तीन मीटरच्या सहज वर, पण वारा तिच्या पाठीवर बसून येतो आणि पाणी मातीच्या रंगाचे. यांत्रिक होड्यांची मच्छीमारी तर १ जून ते ३१ जुलै कायद्यानेच बंद. सारांश, लाट असते तेव्हा वारा नको तो असतो, आणि वारा हवा तो असतो तेव्हा लाट नसते. मधे ऑक्टोबरच्या आगेमागे आणि मे अखेरीस काही पहाटा अशा निघतात की दोन्ही जुळतात. त्या पहाटा कुठल्या, हे गरवणाऱ्याला माहीत असते. तो कुठे बोट दाखवील ते वर सांगितलेच आहे.

आता मुख्य सिद्धान्ताकडे येतो; तो आकड्यांचा असल्याने कोणी भावनाविवश होऊ नये. सर्फरांच्या हालचाली सेकंदासेकंदाने टिपून वेळेचा हिशेब करणारे खरोखरचे अभ्यास झालेले आहेत. त्यांत दिसते ते असे, की पाण्यात गेलेल्या सर्फरचा साधारण निम्मा वेळ पालथे पडून हातांनी वल्हवण्यात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास वेळ फळीवर बसून क्षितिजाकडे बघण्यात जातो, आणि प्रत्यक्ष लाटेवर उभे राहणे सगळे मिळून पाच टक्क्यांच्या आतबाहेर.

वाचकाने हे आकडे पुन्हा एकदा बघावेत. बसून क्षितिजाकडे बघणे, चाळीस टक्के. हे मांडवीला रोज संध्याकाळी शेकडो लोक करतात, तेही भेळ खात. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ साली इथे आणून ठेवले; १९१६ साली मरेपर्यंत तो इथेच होता. १९१० साली उभा राहिलेला त्याचा वाडा उंचावर आहे आणि तिथून जवळच्या थिबा पॉइंटवरून खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. तीस वर्षांचे आसन. एवढी एकाग्रता हवाईतही दुर्मीळ. वल्हवण्याचे पन्नास टक्के मिरकरवाड्याच्या मच्छीमारांकडे. तिथले लोक आता इंजिन लावतात ही गोष्ट निराळी, पण पूर्णगडच्या किंवा भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, तिथे लाटांचा एक घोळका जाऊ देऊन मधल्या शांत फटीत होडी काढणे म्हणजे सर्फरने फुटत्या लाटांच्या बाहेर जाणेच आहे. तिथे फट चुकली तर फळी नाही, संसार जातो. आणि ज्यांना साधनाचा आग्रह असेल त्यांनी खाडीत थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणारा बघावा. हजारो रुपयांच्या इपॉक्सी फळीच्या पोटात थर्माकोलच भरलेला असतो.

चाळीस अधिक पन्नास, नव्वद. खडपाचे ज्ञान, तिथीचे गणित आणि जागा लपवण्याची कला यांचे पाच धरले तर पंच्याण्णव. म्हणजे रत्नागिरी पंच्याण्णव टक्के सर्फिंग जिल्हा आहे. उरलेल्या पाच टक्क्यांसाठी पोटावरून उठून उभे राहावे लागते, आणि ते का, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही. खुद्द सर्फिंगचे पहिले तपशीलवार इंग्रजी वर्णन लिहिणारे लेफ्टनंट जेम्स किंग हे कॅप्टन कुकच्या जहाजावरचे. १७७९ साली हवाईत त्यांनी लोकांना लाटांवरून येताना पाहिले, थक्क झाले आणि लिहिले. स्वतः पाण्यात उतरल्याचे ते सांगत नाहीत. या शास्त्राचा आद्य ग्रंथकारही बसून बघणाऱ्यांच्या संप्रदायातला, ही बाब आम्हाला पोषक आहे.

एक आक्षेप राहतो. महाराष्ट्रापाशी खराखुरा, दूरचा, प्रवाळाचा खडप आहे त्याचे काय? आहे. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा बुडालेला पठारी कट्टा, चाळीसेक किलोमीटर लांब. जगातल्या कुठल्याही सर्फरने नकाशावर बघितला तर त्याच्या तोंडाला पाणी सुटेल. पण त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटर. वर सांगितलेला ०.७८ चा गुणक लावावा. तिथे फुटायला लाट पंधरा मीटरपेक्षा उंच लागेल, म्हणजे पाच मजली. तशी लाट आली तर अनुभवी कोण हा प्रश्नच उरणार नाही.

उभे राहण्याच्या त्या पाच टक्क्यांचा जिल्ह्यातला सर्वांत ठळक दाखला ३ जून २०२० चा आहे. निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशी ‘बसरा स्टार’ नावाचे तेलवाहू जहाज लाटांवरून वाहत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्याला, बंधाऱ्याच्या दगडांशी लागले. वरचे खलाशी सुखरूप उतरले. जहाज मात्र पुढे कित्येक वर्षे तिथेच आडवे, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत. अनुभवी असूनही खडकावर आले, म्हणून अधिकाराच्या व्याख्येला थोडा धक्का बसतो खरा. गुणांकनाचा प्रश्नही अडून आहे. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे दोन सर्वोत्तम लाटांचे गुण जोडून एकूण काढतात, आणि जहाजाने लाट घेतली एकच. दुसरी होईपर्यंत निकाल लावता येत नाही, असे कट्ट्याचे मत पडले. पहिलीविषयी विचारले तेव्हा ‘बरी होती’ म्हणाले.